कोटीपोट आणि एक वाक्य

मामा, तुम्ही गेल्याला आज सहा दिवस झाले आणि या सहा दिवसांत मी एकही गाय एकट्याने तपासलेली नाही. गाईच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ रोवून उभा राहिलो की तुम्ही शेजारी येऊन उभे राहता. काहीच हाताला लागत नाही म्हणून मी मूठ काढायला जातो आणि तुमचा आवाज येतो, "थांबा सायेब, यील." मग खरंच ती येते. आत कुणीतरी कूस बदलावी तशी एक लाट मुठीला उचलते आणि ओसरते. दोन मिनिटांत अशा तीन लाटा आल्या तर पोट चालू आहे, हे पुस्तकातही लिहिलेलं असतं. परीक्षेत ते लिहून मी मार्क मिळवले होते. पण लाटेची वाट बघावी लागते हे मला तुम्ही शिकवलंत. परवा केडगावच्या एका गोठ्यात मी त्या आवाजाला चक्क "हो मामा" म्हणालो. गोठ्याचा मालक माझ्याकडे बघत राहिला.

तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मिलिंदचा फोन आला. गावातल्या एसटीडी बूथवरून बोलत होता, मागे कुणीतरी घाई करत होतं. रविवारी जलदानाचा कार्यक्रम आहे सर, आण्णांवर दोन शब्द लिहून आणा आणि तुम्हीच वाचा, म्हणाला. आणि तो बैलाचा किस्सा नक्की लिहा, आण्णा सगळ्यांना सांगायचे. कुठला किस्सा, मी विचारलं. तोच, आण्णांचा नेम मोडू नये म्हणून तुम्ही स्वतः सुरी हातात घेतली तो, असं तुमचा मुलगा मला म्हणाला.

मामा, तसं झालं नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे. तिसरं माणूस तिथे नव्हतं. त्या दिवशी मी तुम्हाला एक वाक्य बोललो आणि ते परत घ्यायला मला चार वर्षं मिळाली. मी घेतलं नाही. आता तुमच्या दारात, तुमच्या माणसांपुढे मोठ्या मनाचा साहेब म्हणून मिरवायचं, की काय झालं ते सांगायचं, एवढाच प्रश्न आहे. फोन ठेवल्यापासून माझं कशात लक्ष नाही.

मी नगरहून तुमच्या दवाखान्यात रुजू झालो तेव्हा माझ्या पदवीची शाई वाळायची होती. दोन खोल्या, बाहेर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, एक लिंब आणि तुम्ही. कागदोपत्री तुम्ही परिचर, म्हणजे शिपाई. प्रत्यक्षात पंचक्रोशीतल्या कुठल्या गाईला, कुणाची नजर लागली ते सोडून, खरं काय झालंय हे तुम्हाला माझ्याआधी कळायचं. गाडी सुरू करायच्या आधीच तुम्ही औषधांची पिशवी भरून तयार असायचे, आणि नेमकी तीच औषधं लागायची. मला वाटायचं, कोंडीराममामांना अनुभव दांडगा आहे, शास्त्र तेवढं नाही. म्हणून ते शिकवायचं मी मनावर घेतलं.

आठवतंय ना? दुपारी जनावरं आटोपली की लसीकरणाच्या सूचना लिहायच्या फळ्यावर मी खडूने गाईचं पोट काढायचो. कोटीपोट, जाळीचं पोट, पडद्यांचं पोट आणि शेवटी खरं पोट. तुम्ही बादली पालथी घालून बसायचे, टोपी गुडघ्यावर. मी सांगायचो की गाय चारा धड चावतही नाही, नुसता गिळून कोटीपोटात भरून ठेवते. तिथे तो भिजतो, आंबतो. सावलीत बसली की थोडा थोडा तोंडात परत आणून रवंथ करते. पण गवत पचवायची ताकद मुळात गाईच्या अंगात नाहीच. ते काम कोटीपोटात राहणारे डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव करतात. ते गवत फोडतात, त्यावर गाय जगते. आणि तेच जीव पुढे वाहत खऱ्या पोटात गेले की गाय त्यांनाही पचवून टाकते.

तुम्ही फळ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "राबनारे आत, नाव गायीचं." आणि दारावरच्या माझ्या नावाच्या पाटीकडे बघून हसलात. मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

त्यावर आपला वाद किती दिवस चालला. मी म्हणायचो, अहो ही भागीदारी आहे. गाय त्यांना ऊब देते, पाणी देते, आयता चारा देते, आणि ते तिला पचवून देतात. दोघांचंही भलं. तुम्ही म्हणायचे, "त्यांना इचारलं का कुनी?" मी म्हणायचो, जिवाणूंना काय विचारायचं मामा. तुम्ही म्हणायचे, त्येच तर म्हनतो सायेब. मग चहा यायचा आणि वाद तिथेच राहायचा. तो अजून तिथेच आहे. आता तुमची बाजू मांडायला कुणी नाही, आणि माझी बाजू मला पहिल्यासारखी पटत नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. मेलेलं जनावर उघडून बघायची वेळ आली की तुम्ही तिथे नसायचे. कधी डेअरीतून बर्फ आणायचा असायचा, कधी पंचायत समितीत टपाल द्यायचं असायचं. मालकाला हाताशी घेऊन मीच ते उरकायचो. मला वाटायचं तुम्हाला वास सोसत नाही. एवढी वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली आणि रक्ताला भिता, असं मी तुम्हाला चारचौघांत चिडवायचो. तुम्ही टोपी सारखी करायचे. तुमच्या घरी मी जेवलेलो होतो, भिंतीवरच्या तसबिरी पाहिल्या होत्या, जयंतीला तुमच्या आळीत भाषण ठोकलं होतं. आमच्या घरात जातीचा विषय कधी निघायचा नाही, म्हणून आम्ही त्यातून सुटलो आहोत असा माझा समज होता. दोन आणि दोन जोडायला मला कधी सुचलं नाही.

मग गावातल्या शकीलाभाभींची गाय आजारी पडली. घरात दिराचं लग्न झालेलं, भात आणि जर्दा, म्हणजे गोड केशरी भात, उरला होता. उरलेलं लग्नाचं अन्न उकिरड्यावर टाकण्यापेक्षा गाईच्या मुखी पडावं हे आपल्याकडे सगळेच करतात, तसं त्यांनी पाटीभर पुढ्यात ठेवलं. गाईनेही पाटी चाटूनपुसून साफ केली. दुसऱ्या दिवशी ती उभी राहीना. शेणाला आंबूस वास, डोळे खोल गेलेले, पोट हलवलं की पाण्याने अर्ध्या भरलेल्या पखालीसारखं डुचमळायचं. भाताने आणि गोडाने कोटीपोटात एकदम आंबट झालं होतं आणि आतले ते राबणारे त्या आंबटात मेले होते. मी सलाईन लावलं, सोडा पाजला. जीव वाचला, पण पोट चालेना. दोन दिवस तुम्ही आणि मी आळीपाळीने कुशीत मूठ धरून बसलो. एकही लाट नाही. भाभी दाराशी उभ्या राहून आपलंच चुकलं, आपलंच चुकलं म्हणत होत्या. ती गाय त्यांनी कालवडीपासून वाढवली होती.

तुम्ही म्हणालात, चांगल्या गाईच्या तोंडातला रवंथ काढून हिला चारू, तिचे राबणारे हिच्या पोटात जातील. मी हसलो नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. कॉलेजात त्यालाच मोठं नाव देऊन शिकवलं होतं. शेजारची गाय रवंथ करत बसली होती. तिच्या गळ्यातून गोळा वर येताना तुम्ही टिपलात आणि तो दाताखाली जायच्या आत हात घालून मूठभर काढलात. हिच्या घशात तो गेला. संध्याकाळी एक लाट आली, फार क्षीण. तुम्ही म्हणालात, "आलीय, पन एकटीच आलीय." मुठीने भागणारं नव्हतं, बादलीभर पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की नगर रस्त्यावर ट्रकने एक बैल उडवला. मी तुम्हाला मोटारसायकलवर मागे बसवून सुसाट निघालो. बैल नुकताच गेला होता, अंग गरम होतं. मालक डोकं धरून बसला होता. पोटातलं पाणी घेऊ का, मी त्याला विचारलं, तो घ्या म्हणाला आणि गाडी बघायला गावाकडे गेला. बाभळीखाली आपण दोघंच राहिलो. धडधाकट जनावराचं कोटीपोट तिथे भरलेलं होतं. आत असलेलं सगळं जिवंत होतं, पण फार वेळ राहणार नव्हतं. मी सुरी काढून तुमच्या पुढे धरली. मला बादली, फडकं, गरम पाण्याचा थर्मास मांडायचा होता. तुम्ही सुरी घेतली नाहीत. म्हणालात, "सायेब, ह्ये माझ्याकडून व्हनार न्हाई."

आणि मी म्हणालो, "मामा, आता नखरे नकोत. हे काम तर तुमच्या घरचंच आहे."

हे असंच म्हणालो. रागावूनसुद्धा नाही, घाईत, सहज. पुढे किती तरी वेळा मी स्वतःला विचारलं की हे माझ्यात कुठून आलं. असं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते तोंडात तयार होतं. आमच्या कुठल्या पिढीने न चावता गिळून ठेवलेलं माझ्या तोंडात परत आलं असेल. पण तोंड माझं होतं, मामा. ते मी पिढ्यांवर ढकलणार नाही.

तुम्ही बैलाकडे आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिलात. मी सुरी लावली आणि चुकीच्या जागी लावली. कॉलेजात चार जणांत मिळून एक जनावर उघडलं होतं, भरदुपारी रस्त्याच्या कडेला एकट्याने नाही. माझी धडपड ऐकून तुम्ही पाठमोऱ्यानेच बोलायला लागलात. "शेवटची बरगडी हाताला लागली का? तिच्या मागं चार बोटं. सुरी उभी धरा. आता तोंड बाजूला करा, वारं सुटंल." वारं सुटलं. "पडदा पांढरा दिसंल, त्यो कोटीपोटाचा. आतड्याला धक्का लावू नका. वरचा गवताचा थर बाजूला सारा, खालचं पानी भरा." मी हात पुढे घालायला लागलो तसे तुम्ही पहिल्यांदा मोठ्याने बोललात. "म्होरं जाळीत हात घालू नका. तिथं खिळं, तारा असत्यात, हात फाटंल."

मी तुमच्या पाठीकडे बघितलं. उजव्या तळव्यावरचा तो आडवा व्रण मी कितीदा पाहिला होता. लहानपनीचं हाय, एवढंच तुम्ही सांगायचे. दोन वर्षं मी तुम्हाला फळ्यावर चार पोटं काढून दाखवत होतो, मामा. आणि तुम्ही ती चारही पोटं पोरवयात हातांनी उघडलेली होती. बादलीवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत. माझी लाज मला तिथे उभ्या उभ्या कळली, आणि तरी मी बादली भरत राहिलो.

हापशावर मी हात धूत होतो तेव्हा तुम्ही दांडा हाणत होतात. तेव्हा म्हणालात की दीक्षा घेऊन आल्यावर तुमच्या वडिलांनी घरातली सुरी विहिरीत टाकली, तुम्ही बारा-तेरा वर्षांचे होतात, आणि त्या दिवसापासून मेलेल्या जनावराला घरातल्या कुणी हात लावला नाही. मग दांडा थांबवून म्हणालात, "तुमी कापलं तर डॉक्टर म्हनत्यात. आमी कापायचो तवा काय म्हनायचे, त्ये तुमाला ठाव हाय." माफी मागायला याहून सोपी जागा मला मिळणार नव्हती. तुम्ही पाणी घालत होतात, मी वाकलेला होतो. मी म्हणालो, चला, उशीर होतोय, गार झालं तर फुकट जाईल.

गाळलेलं कोमट पाणी नळीने गाईच्या पोटात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कुशीत लाटा आल्या, मोजून तीन. दुपारी तिने हिरवा घास तोंडात धरला. भाभी रडल्या, मला डॉक्टरसाब डॉक्टरसाब म्हणत त्यांनी चहा दिला, सगळ्या गावात माझं नाव केलं. तुम्ही खुंट्यापाशी दोर गुंडाळत होतात. मी म्हणू शकलो असतो की हे मामांनी सांगितलं म्हणून झालं. मी चहा प्यालो.

पुढे काही बदललं नाही, असं कुणीही म्हणेल. पिशवी तशीच भरलेली असायची, चहा तसाच यायचा. फक्त तो फळा कोरा राहायला लागला. मी शिकवणं थांबवलं, तुम्ही विचारणं थांबवलं. दोन वर्षांनी माझी बदली नगरला झाली तेव्हा तुम्ही स्टँडवर हार घेऊन आलात आणि मी तुमच्या पाया पडायला वाकलो. त्यातच काय ते समजून घ्यावं असं माझ्या मनात होतं. भित्र्या माणसाची ही सोय असते. तुम्ही मला वरच्या वर धरलंत.

आणि आता कळतंय की तुम्ही घरी भलतंच सांगत होतात. साहेबांनी माझा नेम राखला, सुरी मला धरू दिली नाही. का सांगितलंत तसं? मी तीन दिवस याचाच विचार करतोय. तुम्ही मला माफ केलं होतं का? मी जसा असायला हवा होतो तसं मला लोकांपुढे उभं केलंत का? हे मनात आलं की हायसं होतं आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं की मी पुन्हा फुकटचा चहा पितोय. मामा, माझं चुकलं. वाक्य चुकलं, आणि त्यानंतरची चार वर्षं त्याहून जास्त चुकली.

इथवर लिहिलं आणि शनिवारी एसटीने तुमच्या घरी आलो. रविवारी सगळ्यांदेखत मामींच्या कानावर हे पडावं, हे मला बरं वाटेना. मिलिंद मांडवाचं बघायला गेला होता. मामी ओट्यावर एकट्याच होत्या. मी म्हणालो, रविवारचं लिहून आणलंय, आधी तुम्ही ऐका. त्यांनी पदर सारखा केला. मी वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा मी खाली बघून वाचलं. सगळं वाचून संपवलं.

मग म्हणाल्या, "मला ठाव हाय."

तुम्ही सांगितलं नव्हतंत, त्यांना कळलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही ताटावर बसलात आणि तसेच उठलात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना मिलिंदला तो किस्सा सांगितलात, आणि मामींनी तुमच्या तोंडाकडे बघितलं. खोटं बोलताना तुमचे डोळे बारीक व्हायचे म्हणे. त्यांनी वाढत राहून ऐकून घेतलं.

मी विचारलं, माझ्यासाठी का झाकलं त्यांनी हे?

"तुमच्यासाठी न्हाई," मामी म्हणाल्या. "पोराचा फारम भरायचा हुता, जनावरांच्या डॉक्टरकीचा. तुमी बोललेलं त्याच्या कानावर गेलं असतं तर त्यानं त्यो फाडला असता. त्यांना वाटायचं, माज्या पोरानं सुरी धरावी, पन डॉक्टर म्हनून धरावी."

मी कागदांची घडी घातली. इतके दिवस मी तुमच्या मनात माझी जागा शोधत होतो. तिथे तुमचा मुलगा होता, आणि तो असायलाच हवा होता.

मिलिंद आता चौथ्या वर्षाला आहे, आता तो सोडायचा न्हाई, मामी म्हणाल्या. आता सांगा, पण उद्या माईकवर नाही. आधी त्याला एकट्याला सांगा, मग काय करायचं ते तो ठरवील. एवढं बोलून त्या आत गेल्या आणि चुलीपाशी भांडी वाजायला लागली.

तो सतरंज्या खांद्यावर घेऊन आला. चालणं तुमचं, मामा, पाऊल तसंच बाहेर पडतं. मी म्हणालो, बस, तुला काही वाचून दाखवायचंय. तो माझ्यासमोर ओट्यावर बसला, हात गुडघ्यांवर, आणि मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. राबणाऱ्यांचं आलं तेव्हा तो हसला. बैलाचं आलं तेव्हा पुढे सरकला, किस्सा त्याच्या ओळखीचा होता. मग ते वाक्य आलं. या वेळी मी खाली बघितलं नाही. जसं बोललो होतो तसं, त्याच्या तोंडाकडे बघून वाचलं आणि थांबलो.

तो मग म्हणाला, "सर, परत वाचा."

मी परत वाचलं.